सहा अंकितांचं काय करायचं? एका हस्तलिखिताचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका अद्भुतरम्य कादंबरीच्या हस्तलिखिताचं हे प्रकरण. लेखकाची पहिलीच कादंबरी, तिसरा खर्डा, ४३ प्रकरणं. संपादनाचं काम माझ्याकडे होतं. लेखकाच्या परवानगीने लिहिते आहे. पात्रांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

कथा थोडक्यात अशी. काल्पनिक जगातला एक सत्ताधीश, ज्याला हस्तलिखितात सगळे नुसतं 'धनी' म्हणतात, सहा जणांना सहा अंगठ्या देतो. अंगठी घातलेल्याला मरण येत नाही. पण अंग हळूहळू विरत जातं, आवाज खोल जातो, आणि एक दिवस झग्याखाली कुणी उरलेलंच नसतं. उरतो तो फक्त धन्याचा हुकूम. या सहांवर, म्हणजे धन्याच्या अंकितांवर, ताबा ठेवणारी सातवी अंगठी धन्याच्या बोटात. नायिका शेवटी ती फोडते.

हा सांगाडा कुठून आला हे जाणकाराला लगेच कळेल, आणि लेखकानेही ते कधी लपवलं नाही. जे. आर. आर. टोल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली, तेव्हापासून अंगठीचे गुलाम झालेले मेलेले-न-मेलेले राजे हा या साहित्यप्रकाराचा जवळजवळ सामायिक माल झाला आहे. तिथे माणसांना नऊ अंगठ्या मिळतात. घेणारे राजे, मांत्रिक, योद्धे असतात. आपापल्या काळात मोठे होतात आणि शेवटी नाझगूल बनतात. अंगठी आयुष्य वाढवत नाही, आहे तेवढंच ताणत नेते, इतकं की शेवटी एकेक क्षण नकोसा होतो. ही कल्पना लेखकाने उचलली होती आणि चांगली वापरली होती. पहिली ४१ प्रकरणं मी जवळपास न थांबता वाचली.

अडचण

बेचाळिसाव्या प्रकरणात सातवी अंगठी फुटते. धन्याचा मनोरा कोसळतो, त्याला चार पानं आहेत. मग हे वाक्य: "आणि त्याच क्षणी ते सहाही जण धुरासारखे विरून गेले." सहा जणांचा हिशेब एका वाक्यात संपला.

हस्तलिखित चार जणांनी आधी वाचलं होतं. त्यांतल्या एकीने या वाक्यासमोर समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते: "तिसरा पण?"

त्या दोन शब्दांचं मूळ सतराव्या प्रकरणात आहे. तिसरा अंकित एक गाव जाळायला निघालेला असतो. वाटेत एक पडकं घर लागतं, ते कधी काळी त्याचंच होतं. दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजायला पाडलेल्या खाचा असतात. तो हातमोजा घातलेलं बोट वरच्या खाचेपासून खाली खाली आणतो आणि सगळ्यात खालच्या खाचेवर थांबतो. मग वळून गाव जाळायचा हुकूम देतो. प्रकरण तिथेच संपतं. तो पुढे काही बोलत नाही, पस्तावत नाही. पण वाचणारा ते बोट विसरत नाही. मग पंचवीस प्रकरणांनंतर तोच माणूस इतर पाचांबरोबर धूर होऊन जातो, तेव्हा फसवल्यासारखं वाटतं.

मी पहिल्या टिपणात लेखकाला लिहिलं, "सतरावं प्रकरण काढा. अडचण तिथून सुरू होते."

आठ दिवस काहीच उत्तर नाही. मग एक ओळ आली: "ताई, सतरावं काढलं तर मी कादंबरी कशाला लिहिली?"

त्यांचं बरोबर होतं. मी दुखरा दात सोडून चांगला उपटायला निघाले होते.

समोर असलेले पर्याय

आम्ही दोघं फोनवर बसलो आणि शेवट कसकसा होऊ शकतो ते एकेक करून तपासलं. चार पर्याय निघाले.

पहिला, आहे तसंच ठेवायचं: अंगठी गेली, गुलाम गेले. याला सगळ्यात मोठा आधार अर्थातच टोल्किन यांचा. तिथल्या कालगणनेत तिसऱ्या युगाच्या ३०१९ साली २५ मार्चला सगळ्यांवर ताबा ठेवणारी अंगठी ज्वालामुखीत पडते. उरलेले आठ नाझगूल त्यांचा मालक साउरॉन याच्या हाकेवर त्याच डोंगराकडे झेपावत असतात. उफाळलेल्या आगीत सापडतात, तडतडतात आणि विझतात. तिथेही एका वाक्यापेक्षा फारसं जास्त काही नाही. "मग त्यांना चालतं ते मला का नाही?" लेखकाने विचारलं. प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर शोधताना मला बरंच काही सापडलं.

एक म्हणजे, त्या आठांना चेहरा नाही. मूळ कादंबरीत नऊपैकी एकाचंही व्यक्तिनाव येत नाही. खामूल हे एकमेव नाव वाचकांना मिळालं ते टोल्किन यांच्या मृत्यूनंतर, १९८० मध्ये निघालेल्या 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये. त्यांच्यापैकी कुणी चौकटीवरच्या खाचा मोजत नाही. दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं: ज्या एकाचा शेवट वाचकाला समोरासमोर बघायचा असतो, त्या म्होरक्याचा, अंगमारच्या चेटक्या राजाचा, हिशेब दहा दिवस आधीच चुकता झालेला असतो. १५ मार्चला, पेलेन्नोरच्या रणांगणावर. आणि तोही सहजासहजी नाही. मेरी या हॉबिटच्या, म्हणजे बुटक्या जमातीतल्या तरुणाच्या, हातातली कट्यार ही अंगमारशीच लढलेल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी घडवलेली. तिच्या घावाने त्याचे न दिसणारे स्नायू त्याच्या इच्छेशी बांधून ठेवणारी जादू तुटते, आणि मग एओविन या तरुणीची तलवार मुकुट आणि झगा यांच्या मधल्या पोकळीत घुसते. झगा आणि चिलखत रिकामं पडतं, मुकुट घरंगळत जातो. कोणत्याही पुरुषाच्या हातून तो पडणार नाही हे भाकीत हजाराहून जास्त वर्षं आधीचं. एवढी तयारी एका मरणाची केल्यावर उरलेले आठ एका वाक्यात गेले तरी कुणी हरकत घेत नाही. आमच्या हस्तलिखितात म्होरक्याही त्याच वाक्यात गेला होता.

दुसरा पर्याय सुटकेचा. अंगठी फुटते, सहाही जण क्षणभर माणसं होतात, शांतपणे डोळे मिटतात. चार वाचकांपैकी दोघांना हेच हवं होतं. लेखकाने याला टोल्किन यांच्याच पुस्तकातला दाखला काढला: डनहॅरोच्या डोंगरातले मृत. तेही मेल्यानंतर अडकलेले, तेही एका राजाच्या नावाने बांधलेले, आणि त्या राजाचा वारस आरागॉर्न त्यांना सोडतो. त्यांचा राजा भाला मोडून टाकतो, वाकतो, आणि सगळे धुक्यासारखे नाहीसे होतात.

पण तो दाखला इथे लागू पडत नव्हता. डनहॅरोचे लोक शपथ मोडल्याने अडकले होते. शपथ उशिरा का होईना पाळता येते. ते लढायला येतात, शब्द पुरा करतात, मग जातात. अंगठी घेणाऱ्याने कसलाच शब्द दिलेला नसतो, त्याने स्वतःलाच विकलेलं असतं. फेडायला त्याच्याकडे काही शिल्लक नाही. शिवाय बाराव्या प्रकरणात याच सहांनी एक अख्खं खोरं उजाड केलं होतं. त्यांना शांत झोप द्यायची तर त्या खोऱ्यातल्या वाचकाला, म्हणजे ज्याने ते प्रकरण मन लावून वाचलंय त्याला, काय सांगायचं?

तिसरा पर्याय प्रकाशकाकडून आला: धनी मरू द्या, पण अंकित उरू द्या, बिनधन्याचे. दुसऱ्या भागाची सोय होते. मी आधी नाक मुरडलं, पण हे अगदीच निराधार नव्हतं. दुसऱ्या युगाच्या शेवटी साउरॉनच्या बोटातून अंगठी कापली जाते तेव्हा नाझगूल संपत नाहीत. दिसेनासे होतात आणि तिसऱ्या युगाच्या १३०० सालाच्या सुमारास पुन्हा वर येतात. कारण मालक पडला, अंगठी नाही. आमच्या कथेत मात्र अंगठीच फुटत होती.

चौथा लेखकाच्या मनातला: तिसऱ्याने बंड करायचं. शेवटच्या क्षणी धन्याचा हात धरायचा. खाचांचं सोनं होतं, वाचक रडतो. मोह मोठा होता. पण सतराव्या प्रकरणाची सगळी ताकदच यात आहे की तो बोट थांबवतो आणि तरीही गाव जाळतो. बंड करता येत असतं तर त्या रात्रीच करता आलं असतं. टोल्किन यांनी १९६३ च्या सप्टेंबरमध्ये एका वाचकाला लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात असाच प्रश्न तपासला आहे: अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोने ती आपली म्हटल्यावर नाझगूलांनी त्याचं ऐकलं असतं का? उत्तर असं की वरवर ऐकल्यासारखं केलं असतं, त्याच्या बारीकसारीक आज्ञा पाळल्या असत्या, आणि त्याला गोडीगुलाबीने गुहेबाहेर काढलं असतं. साउरॉनच्या कामाच्या आड येईल ते मात्र केलं नसतं. इच्छा त्यांची नव्हतीच.

हे वाचून दाखवल्यावर लेखक थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मला आधी हे ठरवायला पाहिजे की अंगठीने त्यांचं नेमकं काय घेतलंय."

नियम शोधताना

इथून काम खरं सुरू झालं. मी त्यांना तीन प्रश्न दिले. अंगठी काय धरून ठेवते: श्वास, इच्छा की आणखी काही? सहा अंगठ्या आत्ता कुणाकडे आहेत? फुटल्यावर धरून ठेवलेली गोष्ट जाते कुठे?

त्यांनी ४३ प्रकरणांतून अंगठीचा प्रत्येक उल्लेख काढून वहीत मांडला. मांडल्यावर घोळ दिसला. नवव्या प्रकरणात अंगठ्या अंकितांच्या बोटांत. बाविसाव्यात धनी त्या एका पेटीत ठेवतो आणि रोज रात्री मोजतो. अठ्ठाविसाव्यात नायक पाचव्याचं अंगठीसकट बोट तोडतो, आणि तिसाव्यात पाचवा दहाही बोटांनिशी हजर. चारही वाचकांच्या हे नजरेतून सुटलं होतं, माझ्याही.

लेखक फार खजील झाले. मी त्यांना सांगितलं की हा घोळ मूळ पुरुषाच्याही घरी आहे. मांत्रिक गँडाल्फ सुरुवातीला फ्रोडोला सांगतो की नऊ अंगठ्या साउरॉनने स्वतःकडे गोळा केल्या आहेत. पुढे सभेत तोच म्हणतो की नऊ अंगठ्या नाझगूलांकडे आहेत. वर सांगितलेल्या मसुद्यात त्या साउरॉनकडे असल्याचं स्पष्ट आहे. अभ्यासक अजून वाद घालतात. पण तिथे त्या उत्तरावर शेवट टांगलेला नाही, आमच्याकडे टांगलेला होता.

बाविसावं प्रकरण जिंकलं. पेटी ठेवायची, रोज मोजणारा धनी ठेवायचा. म्हणजे गुलामाच्या अंगावर साखळी नाही, ती मालकाच्या उशाशी. मला हे जास्त भयंकर वाटतं. पाचव्याचं बोट तोडण्याचा प्रसंग गेला; लेखकाला त्याचं वाईट वाटलं, मला नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका रात्री साडेअकराला निरोपातून आलं. "ताई, अंगठी त्यांचं मरण धरून ठेवते. ज्या दिवशी ती घेतली त्या दिवशी जे मरण दारात उभं होतं, तेच. धन्याने ते पेटीत बंद केलंय. थकबाकी आहे ती."

मी तेव्हाच परत फोन केला.

काय केलं

हा नियम घेतल्यावर शेवट ठरवावा लागलाच नाही, तो मागून चालत आला. प्रत्येक जण अंगठी घेताना कशाला भीत होता, एवढंच पाहायचं. पहिला, म्होरक्या, पोटात भाल्याचा घाव घेऊन धन्यापुढे आला होता. दुसरी तापाने फणफणलेली राणी. पाचवा आणि सहावा जुळे भाऊ, बुडत्या नावेतून ओढून काढलेले. सातवी अंगठी फुटते तेव्हा ज्याचं त्याचं मरण त्याला गाठतं. राणी कोरड्या पठारावर तापाने तडफडते. जुळे भाऊ पाण्यापासून कोसो दूर, उघड्या मैदानात बुडतात. ही अर्ध्या पानाची जागा मला अख्ख्या पुस्तकात सगळ्यात आवडती.

म्होरक्याला मात्र आम्ही आधीच उचललं. त्याचा शेवट छत्तिसाव्या प्रकरणात नेला: नायिकेच्या हाती पेटीतली एकच अंगठी लागते, ती फुटते, आणि रणात घोड्यावर बसलेल्या म्होरक्याच्या पोटात जुना भाला पुन्हा शिरतो. फायदा दुहेरी झाला. वाचकाला समोरासमोरचा शेवट मिळाला आणि नियमही कळला, त्यामुळे बेचाळिसाव्या प्रकरणात समजावत बसावं लागलं नाही.

तिसरा साठीला टेकलेला असताना, धडधाकट असताना, नुसत्या म्हातारपणाच्या धास्तीने आला होता. त्याचं मरण कसलं? साधं, सावकाश येणारं. म्हणून त्यालाच वेळ मिळतो. बाकीचे घटकेत जातात आणि हा उरतो, गुडघे दुखणारा, धाप लागलेला म्हातारा, अंगावर अचानक जड झालेलं चिलखत. त्या घरापर्यंत पोचायला त्याला दुपार लागते. पहिल्या लिखाणात हे अकरा पानं झालं. कापून सहावर आणलं. कापलेल्या पानांत एक मुलगी होती, जळलेल्या गावातली, जी त्याला पाणी देते आणि "जा आता" म्हणते. सुंदर लिहिलं होतं. पण माफी देण्याचा हक्क कादंबरीने तिच्या तोंडून घाईने वापरून टाकला होता. आता ती मुलगी लांब बांधावर उभी राहून नुसती बघते, आणि तांब्या तिच्या हातातच राहतो.

चौथ्याने गंमत केली. तो माणूस नव्हे. डोंगरातल्या पाषाणवंशाचा, नऊशे वर्षं जगणाऱ्यांतला. अंगठी घेताना मरण त्याच्या दारात नव्हतंच, तो सोन्याच्या हावेने आला होता. टोल्किन यांच्याकडेही ड्वार्फ या डोंगरात राहणाऱ्या बुटक्या लोकांना मिळालेल्या सात अंगठ्यांनी हाव भडकते, छाया मात्र कुणाची होत नाही; ते त्या साच्यात बसतच नाहीत. मग आमचा चौथा छाया कसा झाला? होऊच शकत नव्हता. लेखकाने मागे जाऊन त्याला देह परत दिला, झग्याखाली दगडासारखा जड. आणि अंगठी फुटल्यावर त्याला काहीच होत नाही. तो उठतो, इकडेतिकडे बघतो आणि डोंगराकडे चालू लागतो. प्रकाशकाला जो बिनधन्याचा अंकित हवा होता तो असा मिळाला.

एक शब्दाचा बदलही इथेच झाला. तिसऱ्या खर्ड्यात सहांना 'प्रेतराजे' म्हटलं होतं. हा शब्द वाचला की सुटकेची वाट बघायला वाचक आपोआप तयार होतो. 'अंकित' केल्यावर नजर मरणाकडून ताब्याकडे वळली.

निष्पत्ती

चौथा खर्डा त्याच चार वाचकांकडे गेला. समासात लिहिणाऱ्या बाईंनी या वेळी त्या जागी काहीच लिहिलं नाही, फक्त पानाचा कोपरा दुमडला होता. सुटका मागणाऱ्या दोघांपैकी एकाला शेवट पटला. दुसऱ्याला राणीचा शेवट विनाकारण क्रूर वाटला, आणि त्याचं म्हणणं मी पूर्ण खोडू शकले नाही. चौथ्या वाचकाची तक्रार उलट्या बाजूने होती: तिसऱ्याने खोरं जाळलं आणि बक्षीस म्हणून त्यालाच घरी मरायला मिळालं, हा कुठला न्याय? लेखकाने यावर काही बदललं नाही. ते म्हणाले, "तो न्याय नाहीच. तो साठीत आला होता एवढंच." हस्तलिखित या रूपात प्रकाशकाने स्वीकारलं.

वेगळं काय करता आलं असतं

सतरावं प्रकरण काढा हा सल्ला माझा, आणि तो चुकीचा होता. समासातली खूण प्रश्नाची जागा दाखवत होती, मी ती दोषाची जागा समजले. आठ दिवस गेले ते त्यामुळे.

अंगठीच्या उल्लेखांची वही पहिल्या खर्ड्यानंतरच करून घ्यायला हवी होती. चार वाचकांनी ४३ प्रकरणं वाचली आणि पाचव्याचं परत उगवलेलं बोट कुणालाच दिसलं नाही, कारण सगळे गोष्टीच्या ओघात होते. हे काम ओघाबाहेर बसून करायचं असतं, आणि ते माझं होतं.

राणीबद्दल मी अजून साशंक आहे. ती अंगठी घ्यायला आली तेव्हा तिची शुद्ध हरपत चालली होती, हे चौथ्या प्रकरणात एका ओळीत आहे. तापात बरळणाऱ्या बाईने 'हो' म्हटलं ते इतर पाचांच्या 'हो'सारखं धरायचं का, हा प्रश्न मी लेखकाला विचारलाच नाही. छपाईची प्रत अजून गेलेली नाही. परवा त्यांना तेवढ्यासाठी फोन करणार आहे.